गेम सेव्ह-लोड: ऑब्जेक्ट सिरियलायझेशनचे सापळे आणि ते टाळण्याची रीत

खेळाडू, त्याची थैली, नकाशा, शत्रू, पूर्ण झालेल्या मोहिमा हे सगळं बहुतेक गेममध्ये एका मोठ्या ऑब्जेक्टच्या पोटात असतं. तो ऑब्जेक्ट कोडच्या एका ओळीत फाइलमध्ये उतरवता येतो आणि एका ओळीत परत उभा करता येतो. यालाच सिरियलायझेशन म्हणतात. जावामध्ये क्लासवर ‘सिरियलायझेबल’ लिहायचं, पायथनमध्ये ‘पिकल’ वापरायचं, सी-शार्पमध्ये वर्षानुवर्षं ‘बायनरी-फॉर्मॅटर’ होताच. पहिल्या दिवशी हे सगळं बिनबोभाट चालतं, आणि गडबड नेमकी तिथेच होते. गेम लोकांच्या हाती जाऊन दुसरी आवृत्ती निघेपर्यंत काहीच बिघडत नाही.

मुद्दा साधा आहे. कोड रोज बदलतो, पण खेळाडूच्या डिस्कवर पडलेली फाइल बदलत नाही. सेव्ह फाइल तुमच्या क्लासपेक्षा जास्त जगते. त्यामुळे फाइलमध्ये काय आणि कसं लिहायचं हे क्लासच्या आजच्या रूपावर सोपवून चालत नाही. माइनक्राफ्टची मूळ आवृत्ती जावात आहे. जावाचं तयार सिरियलायझेशन हाताशी असूनही तिचं जग ‘एनबीटी’ नावाच्या स्वतंत्र रचनेत साठवलं जातं. डेटाबरोबर आवृत्तीचा क्रमांक असतो, मुख्य फाइलशेजारी आधीची जुनी प्रत ठेवली जाते, आणि जुना डेटा नव्या रूपात आणायला वेगळी लायब्ररी आहे. लहान गेमला एवढा पसारा लागत नाही, पण दिशा तीच ठेवावी.

बिघाड कसा होतो, ते आधी पाहू

उदाहरणं मुख्यतः जावातली घेतो, कारण तिथे हे सापळे सगळ्यात स्पष्ट दिसतात.

पहिला सापळा आवृत्ती-क्रमांकाचा. प्रत्येक सिरियलायझेबल क्लासला ‘सिरियल-व्हर्जन-यूआयडी’ असतो. तो तुम्ही लिहिला नाही तर जावा स्वतः काढतं, तेही क्लासचं नाव, फील्ड, खाजगी नसलेल्या मेथड वगैरे सगळं जमेला धरून. म्हणजे खेळाडूच्या क्लासमध्ये डेटाला हातही न लावता एक सार्वजनिक मेथड वाढवली तरी क्रमांक बदलतो. मग जुनी सेव्ह उघडताना ‘इनव्हॅलिड-क्लास-एक्सेप्शन’ ही त्रुटी येते. फाइल शाबूत, डेटा शाबूत, तरी लोड होत नाही.

यावर बहुतेक जण क्रमांक हाताने लिहून मोकळे होतात. तो लिहायलाच हवा, पण त्यानंतरचा सापळा जास्त वाईट आहे, कारण तो आवाज करत नाही. समजा दुसऱ्या आवृत्तीत तुम्ही ‘कमाल ऊर्जा’ हे फील्ड वाढवलं आणि तिथेच त्याची किंमत १०० लिहिली. जुन्या फाइलमध्ये हे फील्ड नाही. लोड झाल्यावर ते १०० असेल असं वाटतं, पण मिळतं ०. सिरियलायझेबल क्लास परत उभा करताना जावा त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट नव्याने बनवताना चालणारा कोड, चालवतच नाही. त्यामुळे फील्डच्या ओळीत लिहिलेल्या सुरुवातीच्या किमतीही लागू होत नाहीत. कमाल ऊर्जा शून्य म्हटल्यावर खेळाडू लोड होताच मरतो, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. पायथनच्या पिकलमध्येही ‘इनिट’, म्हणजे तिथला कन्स्ट्रक्टर, चालत नाही. तिथे शून्य नाही मिळत, ते फील्डच गायब असतं आणि कुठेतरी लांब ‘ॲट्रिब्यूट-एरर’ फुटतं.

‘ट्रान्झियंट’ (‘हे सेव्ह करू नको’ अशी खूण) लावलेल्या फील्डचंही तसंच. चित्र, आवाज, थ्रेड, नेटवर्कची जोडणी अशा गोष्टी सेव्ह होऊ नयेत म्हणून ट्रान्झियंट लावणं बरोबर आहे. पण लोडनंतर त्या रिकाम्या असतात आणि परत भरायची जबाबदारी तुमची असते. नाव बदललेलं फील्ड हे जावाच्या दृष्टीने एक काढलेलं आणि एक नवं फील्ड. जुनी किंमत गुपचूप टाकून दिली जाते, चूक दाखवली जात नाही.

आता ऑब्जेक्टच्या एकमेकांत गुंतलेल्या जाळ्याकडे वळू. सिरियलायझेशन एका ऑब्जेक्टपुरतं थांबत नाही. त्या ऑब्जेक्टने ज्याला ज्याला धरून ठेवलंय ते सगळं ओढलं जातं: शेपटी धरावी आणि मागून अख्खा हत्ती यावा, तसं. तलवारीच्या क्लासमध्ये मालकाचा संदर्भ, मालकाकडे नकाशाचा, नकाशाकडे खिडकीचा. शेवटी ‘नॉट-सिरियलायझेबल-एक्सेप्शन’ येतं आणि त्यात अशा क्लासचं नाव असतं ज्याचा सेव्हशी संबंधच नव्हता. स्टॅटिक नसलेला आतला क्लास बाहेरच्या क्लासला न सांगता धरून ठेवतो, हे इथे हमखास विसरलं जातं.

जाळं खोल असलं की वेगळीच गंमत. नकाशाच्या प्रत्येक चौकोनात शेजारच्या चौकोनांचे संदर्भ ठेवले असतील, तर २०० बाय २०० चा नकाशा म्हणजे ४०,००० चौकोन. सिरियलायझर एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे एकात एक शिरत जातो आणि स्टॅक, म्हणजे अशा शिरण्यासाठी राखलेली मेमरी, संपतो. लहान नकाशावर चाचणी केली तर हे कधीच दिसत नाही. पायथनमध्ये एकात एक शिरण्याची मूळ मर्यादाच १,००० असल्याने तिथे हे आणखी लवकर होतं.

आणखी एक बारीक खोच. जावात ऑब्जेक्ट लिहिणारा एकच ‘ऑब्जेक्ट-आउटपुट-स्ट्रीम’ उघडा ठेवून तोच ऑब्जेक्ट बदल करून पुन्हा लिहिला, तर दुसऱ्यांदा नवी स्थिती लिहिलीच जात नाही. ‘हा मघाशी लिहिलाय’ एवढी खूण तेवढी पडते, आणि वाचताना जुनीच स्थिती मिळते. त्यासाठी ‘रीसेट’ आहे, पण दर सेव्हला नवा स्ट्रीम आणि नवी फाइल हाच सरळ मार्ग.

जेसनवर गेलात म्हणून सुटलात असं नाही

जेसन म्हणजे किल्ली-किंमत जोड्यांचा साधा मजकूर. तो डोळ्यांनी वाचता येतो, हा मोठा फायदा. पण तिथेही आजचा क्लास तसाच ओतला तर सापळे फक्त रूप बदलतात. युनिटी या गेम इंजिनचं ‘जेसन-युटिलिटी’ फील्ड घेतं, प्रॉपर्टी घेत नाही, आणि डिक्शनरी चक्क वगळतं, तक्रार न करता. डॉटनेटचं (सी-शार्पचं व्यासपीठ) ‘सिस्टम-टेक्स्ट-जेसन’ नेमकं उलटं: मुळात सार्वजनिक प्रॉपर्टी घेतं आणि फील्ड सोडून देतं. एकाची सवय घेऊन दुसऱ्याकडे गेलात की सेव्ह फाइलमध्ये रिकामा महिरपी कंस सापडतो.

जेसनमध्ये ओळख टिकत नाही. थैलीतली तलवार आणि हातातली तलवार हा एकच ऑब्जेक्ट असेल, तर साध्या जेसनमधून परत येताना त्या दोन तलवारी होतात. हातातली मोडली तरी थैलीतली नवीकोरी. ‘वस्तू’ प्रकारच्या यादीत ‘शस्त्र’ हा उपक्लास ठेवला असेल तर त्याची खास फील्ड गळून पडू शकतात. अँड्रॉइडसाठी कोड लहान करणारी साधनं फील्डची नावं बदलतात. ती नावंच जेसनच्या किल्ल्या झाली असतील, तर पुढच्या बिल्डला जुनी फाइल ओळखू येत नाही. म्हणून किल्लीचं नाव नेहमी स्पष्ट लिहून द्यावं.

पायरी १: सेव्हसाठी वेगळे क्लास करा

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, आणि आळसापोटी टाळली जाते तीही हीच. गेम चालवणारे क्लास वेगळे आणि फाइलमध्ये जाणारे क्लास वेगळे ठेवा. दुसऱ्या गटात वर्तन नको. संख्या, अक्षरं, होय-नाही, त्यांच्या याद्या, एवढंच. चित्र नाही, लिसनर नाही, इंजिनचा एकही ऑब्जेक्ट नाही. फाइलची रचना साधारण अशी दिसावी:

सेव्ह-आवृत्ती: ३
खेळाडू: क्रमांक १, नाव, ऊर्जा, स्थान-क्ष, स्थान-य, हातातली-वस्तू: क्रमांक १७
वस्तू: [ क्रमांक १७, प्रकार "लोखंडी_तलवार", झीज ४० ]
शत्रू: [ क्रमांक ५२, प्रकार "लांडगा", लक्ष्य: क्रमांक १ ]
मोहिमा: [ "पूल_दुरुस्ती": पूर्ण ]

मग दोन फंक्शन लिहा. एक चालू गेममधून हा डेटा बनवतं, दुसरं या डेटातून गेम उभा करतं. काम दुप्पट झाल्यासारखं वाटेल. पण आता गेमचे क्लास कसेही मोडा-जोडा, फाइल तशीच राहते, आणि काय सेव्ह होतंय हे एका जागी वाचता येतं.

जे पुन्हा काढता येतं ते सेव्ह करू नका. हळूहळू साचत जाणाऱ्या चुकांचं मूळ इथे असतं. तलवारीची मूळ मारकक्षमता गेमच्या तक्त्यात आहे. ती सेव्हमध्येही लिहिली तर पुढच्या आवृत्तीत तोल सावरण्यासाठी केलेला बदल जुन्या खेळाडूंपर्यंत पोचत नाही. फाइलमध्ये प्रकार आणि झीज पुरे.

पायरी २: संदर्भांच्या जागी टिकाऊ ओळख

वरच्या नमुन्यात लांडग्याचं लक्ष्य हा ऑब्जेक्ट नसून क्रमांक आहे. त्यामुळे जाळंही तुटतं आणि खोलीही उरत नाही, सगळं सपाट याद्यांमध्ये येतं. शेजारचे चौकोन तर लिहायचेच नाहीत, ते जागेवरून काढता येतात.

क्रमांक आणि नावं टिकाऊ हवीत. एनमची, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या यादीची, किंमत आकड्यात सेव्ह करू नका. आज तलवार ०, धनुष्य १, ढाल २ असेल आणि उद्या कुणी तलवारीनंतर भाला घुसवला, तर सगळ्यांची धनुष्यं भाले होतात. स्ट्रिंगचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, ओळख म्हणून वापरू नका. आधुनिक डॉटनेट आणि पायथनमध्ये तो दर वेळी प्रोग्राम सुरू केल्यावर वेगळा येतो. पडद्यावर दिसणारं नावही ओळख नाही, कारण भाषांतर होताच ते बदलतं.

वेळेबद्दल सावध राहा. ‘जादू पुन्हा वापरता येण्याचा क्षण’ युनिटीच्या चालू घड्याळात किंवा जावाच्या ‘नॅनो-टाइम’मध्ये साठवला, तर गेम बंद करून उघडल्यावर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. किती सेकंद उरलेत ते लिहा. दशांशाची खूणही देशागणिक बदलते. एका संगणकावर "१.५" लिहिलं जातं, दुसऱ्यावर "१,५". मजकूर स्वतः लिहीत असाल तर स्थानिक सेटिंगवर अवलंबून नसलेली पद्धत आणि यूटीएफ-८ दोन्ही स्पष्ट सांगा. जावात यूटीएफ-८ ही मूळ निवड आवृत्ती १८ पासून आहे, त्याआधी ती ऑपरेटिंग सिस्टमवर सोडलेली असे. खेळाडूने नाव देवनागरीत लिहिलं की हा फरक लगेच कळतो.

पायरी ३: आवृत्ती आणि टप्प्याटप्प्याचं रूपांतर

आवृत्तीचा आकडा पहिल्याच दिवशी फाइलमध्ये घाला, भले तो १ असेल. हा आकडा गेमच्या आवृत्तीचा नव्हे, सेव्हच्या रचनेचा. रचना बदलली तरच वाढवा.

रूपांतराची फंक्शन साखळीत ठेवा: १ वरून २, २ वरून ३. खूप जुनी फाइल आली तर ती सगळ्या पायऱ्या चढून येते. एक नियम पाळाच: ही फंक्शन कच्च्या डेटावर, म्हणजे साध्या किल्ली-किंमत कोशावर चालवा, आजच्या क्लासवर नाही. आजचा क्लास वापरला तर उद्या तो बदलल्यावर १ वरून २ नेणारं फंक्शनही बिघडतं. एकदा प्रकाशित झालेल्या रूपांतराला पुन्हा हात लावायचा नाही.

मघाचं ‘कमाल ऊर्जा’ इथे एका ओळीत सुटतं: किल्ली नसेल तर १०० घाल.

फाइलची आवृत्ती गेमपेक्षा नवी निघाली तर? क्लाउडवर सेव्ह असेल आणि एका संगणकावर गेम अद्ययावत नसेल, तर हे होतंच. अशा वेळी स्पष्ट संदेश देऊन थांबा आणि ती फाइल अजिबात लिहू नका. ‘जमेल तेवढं वाचू’ म्हणालात तर पुढच्या ऑटोसेव्हला खेळाडूची नवी प्रगती पुसली जाते.

पायरी ४: फाइल लिहिताना जुनी मारू नका

जावाचा साधा ‘फाइल-आउटपुट-स्ट्रीम’ उघडला की जुनी फाइल त्याच क्षणी रिकामी होते. त्यानंतर मध्येच एक्सेप्शन आलं, वीज गेली, फोनने ॲप मारलं, तर जुनी सेव्हही गेली आणि नवीही नाही. क्रम असा ठेवा:

आधी सगळा डेटा मेमरीत बाइट्सच्या रूपात पूर्ण तयार करा. काही बिघडायचं असेल तर इथेच बिघडू दे, डिस्कला अजून हात लागलेला नाही. मग त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, बफर रिकामा करा आणि डिस्कपर्यंत पोचवायला सांगा. फाइल बंद करा. आता चालू सेव्हची एक प्रत बाजूला ठेवा आणि तात्पुरत्या फाइलला खरं नाव द्या. हे नामांतर एका झटक्यात होणारं हवं. जावात ‘फाइल्स.मूव्ह’ला ‘ॲटॉमिक-मूव्ह’ पर्याय देता येतो, पायथनमध्ये ‘ओएस.रिप्लेस’ आहे. डॉटनेटच्या ‘फाइल.रिप्लेस’मध्ये जुनी प्रत ठेवण्याची सोयही आहे, पण जिची जागा घ्यायची ती फाइलच नसेल तर ते एक्सेप्शन फेकतं. म्हणजे अगदी पहिली सेव्ह वेगळी हाताळावी लागते.

सेव्ह करताना गेम अडखळतो म्हणून काम दुसऱ्या थ्रेडवर टाकायचा मोह होतो. टाका, पण डेटा गोळा करणं मुख्य थ्रेडवरच, दोन फ्रेमच्या मधे, उरकून घ्या. नाहीतर अर्धी फाइल सोनं खर्च करण्याआधीची आणि अर्धी तलवार मिळाल्यानंतरची असते. पायरी १ केली असेल तर हे फुकटात जमतं: सेव्हचे क्लास हीच ती क्षणाची प्रत.

पायरी ५: लोड करताना फाइलवर विश्वास नको

खेळाडू सेव्ह फाइल एकमेकांना देतात. दुसऱ्याने दिलेली फाइल पिकलने उघडणं म्हणजे त्याला तुमच्या संगणकावर हवा तो कोड चालवू देणं. पायथनच्या दस्तऐवजातच ही ताकीद दिलेली आहे. जावाच्या सिरियलायझेशनचाही तोच इतिहास. मायक्रोसॉफ्टने ‘बायनरी-फॉर्मॅटर’ सुरक्षित करता येणार नाही असं सांगून तो आधी डॉटनेट ५ मध्ये कालबाह्य ठरवला आणि २०२४ च्या डॉटनेट ९ मध्ये त्याचं काम काढूनच टाकलं. गोडो या गेम इंजिनमध्ये सेव्ह ‘रिसोर्स’ म्हणून ठेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण रिसोर्स फाइलमध्ये स्क्रिप्ट लपवता येते, म्हणून परक्या फाइलसाठी तीही नको. साधा डेटा वाचणारं जेसन किंवा तुमची स्वतःची बायनरी रचना इथे उजवी.

लोड दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत सगळे ऑब्जेक्ट तयार करून क्रमांकांच्या कोशात ठेवा, दुसरीत संदर्भ जोडा. एकाच फेरीत जोडायला गेलात तर लांडग्याला लक्ष्य सापडत नाही, कारण ते अजून जन्मलेलंच नसतं. जोडण्याआधी किमती तपासा: ऊर्जा मर्यादेत आहे का, स्थान नकाशात आहे का, संख्येच्या जागी ‘नॅन’ (संख्या नसलेली किंमत) तर नाही ना. अनोळखी प्रकारची वस्तू आली तर टाकून देऊ नका. कच्चा डेटा तसाच धरून ठेवा आणि पुढच्या सेव्हला परत लिहा. मॉड (खेळाडूंनी केलेले जोडभाग) काढून पुन्हा बसवणारे खेळाडू यासाठी दुवा देतील.

सगळं नीट उभं राहिल्यावरच चालू गेमची जागा नव्याला द्या. अर्धवट लोड झालेल्या जगात ऑटोसेव्ह चालू झाला की पुढे काही वाचवता येत नाही. फाइलच्या सुरुवातीला सीआरसी-३२ सारखा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवला तर खराब फाइल आधीच ओळखू येते आणि बाजूची प्रत उघडता येते. फसवणूक मात्र त्याने थांबत नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ती थांबवण्यात फार वेळ घालवू नये, असं माझं मत.

पायरी ६: जुन्या फाइलींची चाचणी

सेव्ह करून लगेच लोड करणारी चाचणी सगळे लिहितात. ती हवीच, पण वर सांगितलेले बहुतेक बिघाड ती पकडत नाही, कारण दोन्ही टोकांना कोड एकच असतो. प्रत्येक प्रकाशित आवृत्तीतल्या दोन-तीन खऱ्या सेव्ह फाइल रिपॉझिटरीत ठेवा: एक नुकतीच सुरू केलेली, एक शेवटापर्यंत नेलेली, एक विचित्र, म्हणजे थैली गच्च भरलेली आणि नावात इमोजी असलेली. दर बिल्डला त्या सगळ्या उघडल्या पाहिजेत. शिवाय एखादी फाइल मधूनच कापून, एखादी शून्य बाइटची करून गेम सरळ संदेश देतो की कोसळतो ते पाहा. सगळ्यात मोठा नकाशा घेऊनही एकदा सेव्ह करा.

गेम आधीच बाहेर पडला असेल तर

लोकांकडे जावाच्या सिरियलायझेशनच्या फाइली आहेत आणि यूआयडी कधी लिहिलाच नव्हता, अशी स्थिती असेल तरी हातपाय गाळू नका. जेडीकेबरोबर (जावाचा विकास संच) ‘सिरियलव्हर’ नावाचं छोटं साधन येतं. प्रकाशित बिल्डमधल्या क्लासवर ते चालवा, जो आकडा मिळेल तो क्लासमध्ये चिकटवा, म्हणजे जुन्या फाइली पुन्हा ओळखू येतात. मग त्या काळच्या क्लासची गोठवलेली प्रत वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा आणि फाइल वाचताना क्लास शोधणारी ‘रिझॉल्व्ह-क्लास’ मेथड बदलून जुनी नावं तिकडे वळवा. पॅकेज बदललेलं चालतं, क्लासचं साधं नाव मात्र तेच लागतं. अनोळखी क्लास तिथेच नाकारा, जावा ९ पासून त्यासाठी फिल्टरही आहेत. पायथनमध्ये हेच काम अनपिकलरचं ‘फाइंड-क्लास’ करतं.

गोठवलेल्या क्लासमधून डेटा काढून नव्या रचनेची पहिली आवृत्ती बनवा, पुढचं काम साखळी करेल. नव्या फाइलला वेगळं एक्स्टेन्शन द्या आणि जुनी फाइल जागेवरच राहू द्या. रूपांतरात काही चुकलं असेल तर पुढच्या अपडेटमध्ये तिच्यावरूनच ते पुन्हा करता येईल.